पहिला घास

मथुराबाईंची क्षमा चार वर्षांपासून तयार होती. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली. येडूने यावे, मान खाली घालावी, ‘आये, माझं चुकलं’ म्हणावे, की ती उलगडायची. त्या क्षमेला प्रवचनासारखे तीन मुद्दे होते. पहिल्यात आईचे दुःख, दुसऱ्यात देवाची दया आणि तिसऱ्यात येडूने यापुढे कसे वागावे याविषयीच्या सूचना. दुसरा मुद्दा संपून तिसरा सुरू होण्यापूर्वी येडूला रडता यावे, म्हणून त्यांनी थोडी जागाही सोडली होती.

अडचण एकच होती. क्षमा घेणारा येत नव्हता.

आणि आज, पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, तो येत होता. एकटा नव्हे. मैंदर्गीकडची एक कानडी मुलगी आणि तिच्या कडेवरचे पाच-सहा महिन्यांचे लेकरू घेऊन.

परसातल्या मोठ्या चुलीवर मटण रटरटत होते. थोरल्या महिपतीची बायको तानाबाई भाकऱ्या थापता थापता सासूच्या चेहऱ्याचा अंदाज घेत होती. गेली सतरा वर्षे ती हवामान बघण्याआधी सासूचा चेहरा बघत आली होती, आणि त्यात तिचे काही चुकले नव्हते.

“आत्याबाई, रस्सा झणझणीत करू का बेताचा?”

“बेताचा. लेकुरवाळी बाई जेवणार आहे.”

तानाबाईचा हात थांबला. “म्हंजे ती बी ताटावर बसनार व्हय?”

“जेवणार म्हणाले मी. ताटावर बसणार म्हणाले का? भाकरी करपते आहे, तिच्याकडे बघ.”

तेवढ्यात महिपती मास्तर परटाघडीचा कोट घालून बाहेर आले. ते शाळेत मुख्य शिक्षक होते, मंडळीत पंच होते, आणि या दोन्ही गोष्टी ते घरातही विसरत नसत.

“आई, पाळकसाहेबांशी बोलणे झाले. आज घरी समेट झाला तर उद्या येडू प्रभुभोजनाला बसू शकेल, असे ते म्हणाले. मात्र समेट नियमाप्रमाणे व्हावयास हवा.”

“नियम मला शिकवतोस?”

“तसे नव्हे, मी केवळ...”

“तुझे वडील हा नियम करत होते, तेव्हा तू पाटीवर रेघोट्या ओढत होतास. जा, अंगणात पाणी मारून घे. धूळ उडते आहे.”

मास्तर परटाघडीचा कोट काढून पाणी मारायला गेले.

नियम खरोखरच मथुराबाईंच्या यजमानांचा होता. शरणप्पा उपदेशकांनी सोलापुरातल्या या वस्तीत ख्रिस्ती मंडळी जमवली, तेव्हा लोक एका देवाला भजायला तयार होते. एका पंगतीला बसायला मात्र मागेपुढे पाहत होते. त्यातून रुसवेफुगवे होत. म्हणून शरणप्पांनी ‘समेटाचं ताट’ सुरू केले. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, ज्या दोघांचे बिनसले असेल, त्या दोघांनी एका ताटात जेवायचे. ज्याची चूक असेल त्याने भाकरी मोडून पहिला घास समोरच्याच्या तोंडात घालायचा आणि ‘माझं चुकलं’ म्हणायचे. ज्याने घास खाल्ला त्याने क्षमा केली. मग दोघांनी मिळून ताट संपवायचे. विषय मिटला.

या ताटाने वस्तीतली किती भांडणे गिळली होती! दगडाबाईची कोंबडी शेजारणीच्या वाळवणात शिरली, त्यावरून दोन घरे वर्षभर अबोल होती. दोघींना समोरासमोर बसवल्यावर चूक कोणाची, यावर पुन्हा भांडण पेटले. अखेर मथुराबाईंनी निकाल दिला की चूक कोंबडीची. आणि तीच कोंबडी रस्सा होऊन ताटात आली.

शरणप्पांच्या पश्चात हे ताट मथुराबाई मांडत. त्या स्वतःही अनेकदा त्यावर बसल्या होत्या. सुनेसमोर, लेकीसमोर, मंडळीतल्या निम्म्या बायांसमोर. पण पहिला घास त्यांनी दिल्याचे कोणाला आठवत नव्हते. तो नेहमी त्यांच्याच तोंडात पडायचा, आणि त्या तो शांतपणे, न्यायाधीशाने साक्ष ऐकावी तशा, चावत.

येडूचा गुन्हा साधा नव्हता. सात लेकरांपैकी तीन जगली, त्यात तो शेवटचा. त्याच्या जन्माच्या वेळीच मथुराबाईंनी त्याला देवाच्या सेवेला वाहिले होते. पाळक व्हावा म्हणून शिकवले. त्याने पहिला उपदेश करायचा होता, त्या रविवारी मंडळीचे देऊळ भरले होते. मथुराबाई नवे लुगडे नेसून पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. स्तोत्रे झाली, प्रार्थना झाली, पुन्हा एक स्तोत्र झाले. येडू आलाच नाही. तो चांदसाबच्या बँडबरोबर अक्कलकोटला कोणाच्या तरी वरातीत कॉर्नेट वाजवत होता. त्यानंतर त्याने मंडळीला न विचारता, पाळकाशिवाय, मुलीच्या गावच्या रीतीने हार घालून लग्न केले. त्याची बातमी घरी पोचली ती बाजारातून.

टांगा दारात थांबला. आधी उतरली ती गोजरबाई, मथुराबाईंची लेक. पांढरे लुगडे, दवाखान्यातल्या नर्सची ताठ चाल. हा सारा घाट तिनेच घातला होता. मग एक तांबडी टोपी दिसली, पितळी गुंड्यांचा कोट दिसला आणि त्या कोटात मावणार नाही इतका रुंद हसणारा येडू दिसला.

“सलाम, आये!”

“सलाम,” मथुराबाई ओट्यावरूनच म्हणाल्या आणि थांबल्या. आता तो पुढचे तीन शब्द बोलेल.

“आये, लई वाळलीस की गं! दादा जेवायला घालत न्हाय का तुला?”

“मी...” महिपती मास्तर लाल झाले.

“आन् वैनी, काय वास सुटलाय! पार टेसनापासनं येतोय. मटन हाय न्हवं? हात कुटं धुवू?”

आणि तो हात धुवायला परसात गेलासुद्धा. मथुराबाई ओट्यावर तशाच उभ्या राहिल्या. पहिला मुद्दा जिभेच्या टोकापर्यंत येऊन परत गेला.

टांग्यातून शेवटी चंद्रव्वा उतरली. वीस-एकवीस वर्षांची, हिरव्या इरकली लुगड्यातली, उन्हाने तांबूस झालेली. लेकराला छातीशी धरून ती ओट्याशी आली आणि वाकून मथुराबाईंच्या पायांना हात लावला.

“आमच्यात पाया पडत नाहीत,” मथुराबाई म्हणाल्या.

चंद्रव्वाला मराठी जेमतेम कळत होते. आपले काही तरी कमी पडले असे वाटून तिने लेकरू दुसऱ्या हातावर घेतले आणि पुन्हा, आणखी खाली वाकून नमस्कार केला.

“पडत नाहीत म्हटलं!”

तिने तिसऱ्यांदा डोके टेकवले. गोजरबाईने तोंडाला पदर लावला. “आई, पुरे. तुम्ही बोलत राहिलात तर ती संध्याकाळपर्यंत वाकत राहील.”

लेकराने मात्र आजीकडे टक लावून पाहिले आणि मान हलवली. टोपडे सरकले. त्याखालून दोन कान निघाले, पितळी कपाच्या कानासारखे, दोन्हीकडे उभे.

“अगं बया!” तानाबाई भाकरीचे पीठ हाताला तसेच ठेवून धावली. “मामंजींचे कान! आवो, बघा की हिकडं, मामंजींचे कान!”

महिपती मास्तरांनी चष्मा पुसला आणि निरखून पाहिले. “साम्य आहे खरे,” ते म्हणाले. “तथापि कानांवरून...”

“तथापि ऱ्हाऊ द्या तिकडं. आना बाई माझ्याकडं, आना.” काल रात्रीपर्यंत ‘या घरात आनखी मानसं निजवायची कुटं’ म्हणून कुरकुरणाऱ्या तानाबाईने लेकरू घेतले आणि ती येडूच्या बाजूला गेली ती गेलीच. मथुराबाईंनी ते ओळखले. त्यांनी कानांकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

गोजरबाईने आईला आतल्या खोलीत गाठले.

“आई, नीट ऐका. चांदसाब दुपारच्या गाडीला होटगीला निघालाय. तिथून विजापूर. लग्नसराई आहे, पावसाळ्यापर्यंत परत नाही. येडू म्हणतो, आई ‘राहा’ म्हणाली तर चंद्रव्वाला आणि पोरीला इथे ठेवतो. हे घर माझं म्हणून हंगाम संपला की इथेच येतो. नाही म्हणाली तर तिघंही गाडीत बसतील, आणि पुन्हा यायचं कारण उरणार नाही.”

“मग येऊ दे की त्याला. ये, चुकलं म्हण, राहा. मी दार लावलंय का?”

“दार लावलं नाहीत. दारात उभ्या राहिलात.”

“गोजर, तू दवाखान्यात डॉक्टरणीशी अशी बोलतेस का?”

“डॉक्टरीण आधी औषध देते हो. मग विचारते, कुठे कडमडला होतास.” गोजरबाई नरमली. “एक शब्द आहे, आई. राहा. सगळ्या वस्तीला दिवसभर हुकूम सोडता, हा एक सोडा.”

“हुकूम आणि विनवणी यात फरक असतो,” मथुराबाई म्हणाल्या. “आधी त्यानं बोलावं.”

त्या अंगणात आल्या, तेव्हा लिंबाखाली सतरंजी पडली होती आणि मधोमध मोठी पितळी परात मांडलेली होती. ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड, शेंगांची चटणी, कांदा, वाटीत तर्रीचा रस्सा. महिपती मास्तर बाजूला उभे राहिले होते, हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गात उभे राहत तसे.

येडू परातीच्या एका बाजूला बसला. मथुराबाई दुसऱ्या बाजूला बसल्या. मास्तरांनी प्रार्थना केली. ती जरा लांबली, कारण तिच्यात त्यांनी देवाला नियमही समजावून सांगितला.

“आमेन,” सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा येडूच्या उजव्या हातावर खिळल्या.

हात हलला नाही.

एक माशी भाकरीवर बसली. मथुराबाईंनी तिला वारले. माशी उडाली, फिरून आली. येडूने तिला वारले. पुढे काही घडेना.

“रस्सा निवतोय,” तानाबाई कळवळून म्हणाली. “सांगा की कुनी तरी कायतरी.”

“येडू,” मास्तरांनी घसा खाकरला, “नियम तुला ठाऊक आहे.”

“ठावं हाय की, दादा. हितंच तर वाढलो. तुमच्या शाईच्या दौतीपायी दोनदा बसलोय या ताटावर.” येडू आता हसत नव्हता. पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता, घाबरणेही नव्हते. “आये, गाडीत बसल्यापासनं घोकत आलो. माझं चुकलं, माझं चुकलं. तोंडात बसलं बी. पर आता ताटावर बसलो आन् गाडी अडली. खोटं कसं बोलू? उद्या प्रभूच्या मेजावर जायचंय आन् आज ह्या भाकरीवर हात ठिवून खोटं बोलू?”

“खोटं?” मथुराबाईंचा आवाज चिरकला.

“मी कॉर्नेट वाजवतो त्याचं मला वाईट वाटत न्हाय, आये. मी पाळक झालो असतो तर मंडळी उपाशी मेली असती. ध्यानात काय ऱ्हात न्हाय माझ्या, तुला ठावं हाय. चंद्रीशी लगीन केलं त्याचं बी वाईट वाटत न्हाय; तिच्यावानी मानूस मला मिळत नव्हतं. त्या रविवारी तू नवं लुगडं नेसून बसली होतीस, तेवढं काळजात रुततं. त्याला काय म्हणायचं ते मला येत न्हाय. पर चुकलं म्हनायचं म्हंजे पुन्ना तसं करनार न्हाय म्हनायचं. आन् पुन्ना ती येळ आली, तर मी पुन्ना तसाच जाईन.”

मास्तरांचा चष्मा नाकावर घसरला आणि त्यांनी तो वर केला नाही.

मथुराबाईंच्या मनात त्या घडी घातलेल्या क्षमेची एकेक घडी आपोआप मोडत होती. पहिला मुद्दा त्याने स्वतःच बोलून टाकला होता. दुसऱ्याला जागा उरली नव्हती. आणि तिसरा, ‘यापुढे कसे वागावे’, त्याचे उत्तर त्याने आधीच देऊन ठेवले होते. अशा माणसाला क्षमा तरी कशी करायची? ज्याला ती नकोच आहे, त्याच्या पदरात ती ओतायची कशी? त्या रागावायला गेल्या, आणि राग सापडेना. खरे बोलणारा मुलगा वाढवला तो त्यांनीच.

येडू उठला. “दादा, वैनी, राग मानू नगा. चांदसाब येईल इतक्यात. चंद्री, बा,” त्याने बायकोला कानडीत ‘ये’ म्हटले.

चंद्रव्वा ओट्यावरून उतरून आली. तानाबाईकडून तिने लेकरू घेतले होते आणि ते तिच्या पदराआड दूध पीत होते. मराठीतले हे सारे बोलणे तिला कळले नव्हते. एवढेच कळले होते की बोलणी फिसकटली आणि आता निघायचे. ती सासूसमोर आली. बहुधा निरोपाचा नमस्कार करायचा असावा. दोन्ही हात लेकराखाली अडकलेले, त्यामुळे ते जमेना. ती तशीच उभी राहिली आणि तिची नजर परातीवर गेली.

गेली आणि तिथेच राहिली.

ती नजर मथुराबाईंना ठाऊक होती. सात लेकरांना पाजलेल्या बाईला ती ओळखायला पंचाची गरज नव्हती. अंगावर पाजणारीची भूक. ही मुलगी मैंदर्गीहून पहाटे निघाली असणार. हिने काल रात्रीपासून धड खाल्ले नसणार. आणि या अंगणात दोन घटका भाकरी मांडून ठेवून सगळे चूक कोणाची म्हणून बसले होते.

“सकाळपासून हिला कोणी काही दिलं का?” त्या कडाडल्या.

“एवढी मोठी माणसं अंगणात, आणि एकाला सुचलं नाही? बस गं. बस इथं. हात अडकलेत तुझे, राहू देत. आ कर.”

चंद्रव्वा बसली, ती केवळ तो आवाज बसायला लावणारा होता म्हणून. मथुराबाईंनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, चटणीला टेकवली आणि तिच्या तोंडात घातली. दुसरा तुकडा मोडला. “चाव नीट. दूध आटेल अशानं. तानाबाई, पाणी आण! अजून एक घे. आ कर, आ.”

त्या मुलीने चार घास खाल्ले, मगच मथुराबाईंच्या लक्षात आले की अंगण फारच शांत आहे. त्यांनी वर पाहिले. तानाबाई पाण्याचा तांब्या धरून जागच्या जागी थिजली होती. गोजरबाईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते. येडूचा जबडा खाली आला होता.

“आई,” महिपती मास्तर अगदी हळू म्हणाले, जणू काही फुटेल, “समेटाच्या ताटातला पहिला घास... आपण दिलात.”

मथुराबाईंनी हाताकडे पाहिले. बोटांना रस्सा लागला होता.

“नियमाप्रमाणे,” मास्तर पुढे म्हणाले, आणि आपण कशात पाऊल टाकतो आहोत हे कळूनही त्यांना थांबता येईना, “जो पहिला घास देतो, त्याची चूक. आता आपण... म्हणजे नियमाप्रमाणे आपणच म्हणावयास हवे...”

“काय म्हणायला हवं?”

मास्तरांनी घसरलेला चष्मा वर केला.

आयुष्यात पहिल्यांदाच मथुराबाई ताटाच्या त्या बाजूला होत्या. त्यांनी हात मागे घेतला नाही. डोळे बारीक करून त्या मास्तरांकडे पाहत राहिल्या. तशा पाहू लागल्या की त्यांचा मुलगा पुन्हा चौथीत जायचा.

“महिपती, उद्या प्रभुभोजनाला तू कुठे उभा असतोस?”

“पाळकसाहेबांच्या उजवीकडे.”

“भाकरी कोण कोणाला देतं? आपण देवाला देतो?”

“नाही. तो... आपल्याला देतो.”

“आपण आधी चुकलं म्हणतो म्हणून देतो?”

“नाही. आपण काही म्हणण्याच्या पुष्कळ आधी त्याने... म्हणजे आपण जन्मलोही नव्हतो तेव्हा...” मास्तर अडखळले.

“म्हणजे पहिला घास त्याचा. मग तुझ्या नियमाने चूक कोणाची रे, पंच?”

चाळीस मुलांचा वर्ग महिपती मास्तरांना इतके निरुत्तर कधी करू शकला नव्हता. आणि मग, सर्वांना आश्चर्य वाटावे असे काही तरी घडले. मास्तर हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग पोट धरून. त्यांना हसताना पाहून तानाबाईच्या हातून तांब्या सुटला आणि पाणी मास्तरांच्या परटाघडीच्या धोतरावर गेले. तरी ते हसतच राहिले.

“आये,” येडू परातीपाशी गुडघे टेकून बसला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड उघडे होते, लहानपणी चिमणीच्या पिलासारखा बसायचा तसा. “मला बी दे की.”

“तू चुकलं म्हणाला नाहीस.”

“न्हाय म्हनालो.”

“म्हणणारही नाहीस.”

“न्हाय.”

मथुराबाईंनी भाकरी मोडली. “गाढवा,” त्या म्हणाल्या, आणि घास त्याच्या तोंडात कोंबला. तो जरा जास्तच मोठा होता. रडणे आणि चावणे येडूला एकाच वेळी जमेना. ठसका लागला, पाठीत धपाटे बसले, त्यातले काही ठसक्यासाठी नव्हते.

एवढ्यात दारात घुंगरे वाजली. चांदसाब बँडवाला टांग्यातून उतरून उंबऱ्याबाहेर अदबीने उभा राहिला. या बाईंनी आपले नाव चार वर्षे घरात घेऊ दिले नाही, हे त्याला ठाऊक होते.

“सलाम, अम्मा. येडू, चल बाबा. गाडी निकलेगी.”

“आत या,” मथुराबाई म्हणाल्या.

“नको अम्मा, टाइम हो गया.”

“आत या म्हटलं! जेवल्याशिवाय या दारातून कोणी गेलेलं नाही. हात धुवा.”

चांदसाबने येडूकडे पाहिले. येडूने खांदे उडवले. चांदसाब हात धुवायला गेला.

तो जेवला. सगळेच जेवले. एका परातीत दोघांऐवजी सात माणसांचे हात फिरले, आणि मास्तर कोणाचा हात कुठे जातो ते बघायचे विसरले. चांदसाबने तानाबाईच्या रश्श्याची इतकी तारीफ केली की तिने त्याला मटणाचा राखून ठेवलेला चांगला तुकडा काढून दिला. पण जेवण संपत आले तसे येडूचे घास लहान होऊ लागले. तो आईकडे पाहत होता. गोजरबाईही पाहत होती. तो एक शब्द अजून कोणी बोलले नव्हते.

मथुराबाईंना ते कळत होते. त्यांनी त्या शब्दाच्या अवतीभवती पुष्कळ फेऱ्या मारल्या.

“ऊन फार आहे,” त्या म्हणाल्या. “अशा उन्हात लेकराला नेणं बरं नव्हे.”

“टांग्याला छत हाय, आये.”

“उद्या खीर करणार आहे तानाबाई. गव्हाची.”

“व्हय? मी?” तानाबाई म्हणाली, आणि गोजरबाईने तिला कोपर मारले. “व्हय की! करनार हाय. लई करनार हाय.”

“चांदसाब, तुमच्या बँडात दुसरा कोणी नाही का दोन दिवस वाजवायला?”

“है ना, अम्मा. मंगळवारपर्यंत काम चलता है,” चांदसाब मिशीतल्या मिशीत म्हणाला. “पुढं मात्र येडूच पाहिजे.”

येडू उठला आणि जोडा पायात सरकवू लागला. तो हट्टाने वागत नव्हता. त्याला खरेच माहीत नव्हते. आईचे हे उन्हाचे आणि खिरीचे बोलणे, त्याचा अर्थ तो लावू धजत नव्हता. एकदा चुकीचा लावला असता, तर पुन्हा या दाराशी यायची हिंमत झाली नसती. चंद्रव्वा गाठोडे उचलायला वाकली.

तो शब्द मथुराबाईंच्या जिभेवर येईना. दोन अक्षरे. त्यांनी उभ्या जन्मात ‘ये’, ‘जा’, ‘बस’, ‘गप्प’ हे शब्द हजारो वेळा वापरले होते. हा वापरला नव्हता, कारण कोणी राहावे म्हणून त्यांनी कधी कोणाला विनवले नव्हते. त्यांनी लेकीला जवळ ओढले.

“गोजर, तुझ्या दवाखान्यात कानडी बाया येतात ना?”

“येतात.”

“‘इथेच राहा’ याला काय म्हणतात?”

गोजरबाईने आईकडे क्षणभर पाहिले आणि कानात सांगितले. शरणप्पांची बायको म्हणून इतकी वर्षे सासरच्या कानडीला नाक मुरडणाऱ्या मथुराबाईंनी ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत घोळवले. मग त्या उठल्या, चंद्रव्वाच्या हातातले गाठोडे काढून खाली ठेवले आणि तिच्यासमोर ताठ उभ्या राहून म्हणाल्या,

“इल्लेऽ इरव्वा.”

दिवसभरात सासूच्या तोंडून निघालेले ते पहिलेच वाक्य, जे चंद्रव्वाला पूर्ण कळले. तिने मथुराबाईंकडे पाहिले, मग येडूकडे, मग पुन्हा मथुराबाईंकडे. आणि तिने लेकरू सासूच्या हातात दिले, मोकळे झालेले दोन्ही हात पदराला पुसले, आणि खाली बसून परातीत उरलेली अर्धी भाकरी आपल्या हाताने मोडून घेतली.

मथुराबाईंच्या छातीशी आता ते दोन कान होते. आता पाहावेच लागले.

एक जोडा पायात, एक हातात, असा येडू उभा होता. “आये,” तो म्हणाला, “आन् मी? मला न्हाय म्हनालीस काय?”

“तुला कानडी येतं ना?”

“येतं की.”

“मग ऐकलंस ते पुरे झालं,” मथुराबाई म्हणाल्या. “जोडा काढ. अंगण नुकतंच झाडलंय.”